सड्यावरून खालच्या वाडीत नेट न्यायचं तर आधी माड बघा

तुमचा प्रश्न असा: गुहागर तालुक्यात सड्यावरच्या (डोंगरावरच्या कातळपठारावरच्या) तुमच्या घरी फायबर आलंय, खाली समुद्राकडच्या वाडीत काकांचं आणि आणखी दोन शेजाऱ्यांची घरं आहेत, अंतर साधारण 800 मीटर. मोठ्या अँटेनाचा राऊटर आणला तर भागेल का?

नाही भागणार. राऊटरने वरून कितीही ओरडून सांगितलं, तरी काकांच्या मोबाईलचं उत्तर वर ऐकू यायला हवं ना! त्यापेक्षा दोन आउटडोअर सीपीई घ्या, म्हणजे एकमेकांकडे तोंड करून लावायचे वायरलेस डबे, 5 गिगाहर्ट्झचे, 13 डीबीआय (सिग्नल एका दिशेला एकवटायची अँटेनाची ताकद) अँटेनावाले. वरचा ॲक्सेस पॉइंट (नेट देणारा), खालचा क्लायंट (घेणारा). 23 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) पॉवर ठेवली की अँटेना धरून 36 डीबीएम, म्हणजे 4 वॉट होतात. 5.8 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात 2018 पासून एवढ्याला परवाना लागत नाही.

मधे काही आडवं नसेल तर या अंतरावर सिग्नल उणे 57 डीबीएमच्या आसपास यायला हवा; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. उणे 75 दिसला तर सेटिंगशी खेळत बसू नका, मधे झाड आहे.

आपल्याकडचा खरा घोळ इथेच आहे. लोक म्हणतात पावसात सिग्नल जातो. या फ्रिक्वेन्सीला एक किलोमीटरच्या आत पावसाच्या सरींनी नावापुरताच फरक पडतो. सिग्नल खातात ती माडाची भिजलेली झापं आणि आंब्या-काजूची ओली पानं. म्हणून मे महिन्यात जेमतेम चाललेली लिंक आषाढात बसते. नुसतं समोरचं छप्पर दिसलं म्हणूनही चालत नाही. सरळ रेषेच्या चहूबाजूंनी, मध्यावर निदान दोन मीटर मोकळं हवं. 2.4 गिगाहर्ट्झवर तेच तीन मीटर लागतं. पानांतून ते जरा बरं जातं हे खरं, पण भरवसा ठेवण्याइतकं नाही.

तुम्ही सड्यावर, म्हणजे वरच्या टोकाची काळजी नाही. रेषा अडते ती खाली, काकांच्या आगरात (माडांच्या बागेत), शेवटच्या शंभरेक मीटरात. तिथे माडांच्या वर जाईल एवढा पाईप उभारणं वेडेपणा आहे, आणि माडालाच सीपीई बांधणं त्याहून मोठा. वाऱ्यात शेंडा हलला की नेम गेला. मळ्याच्या बाजूला जिथून तुमचा सडा स्वच्छ दिसतो, तिथे गडग्याशी (दगडी कुंपणाशी) जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप रोवा आणि तिथून घरापर्यंत केबल न्या. लॅन केबलची मर्यादा 100 मीटर. काळ्या आवरणाची, उन्हात टिकणारी आउटडोअर केबल घ्या. वानरं ती ओढतात, तेव्हा जमिनीलगत पाईपातून नेलेली बरी.

क्लिपा स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, खाऱ्या वाऱ्यात साध्या टिकत नाहीत. सीपीईचं केबल जोडायचं तोंड खाली, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

काकांकडून शेजाऱ्यांकडे मात्र तांब्याची केबल नको, फायबर ओढा, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा). वळवाच्या आणि परतीच्या पावसात जवळ वीज पडली की घराघरांमधली तांब्याची तार राऊटरसकट सगळं जाळते. गडगडायला लागलं की प्लग काढा, पण सीपीईची लॅन केबलही काढा. ती बहुतेक लोक विसरतात. पाईपाला अर्थिंग हवंच.

डीएचसीपी, म्हणजे प्रत्येक मोबाईल-कॉम्प्युटरला नेटवर्कमधला पत्ता वाटणारी सोय, फक्त वरच्या राऊटरवर चालू ठेवा, नाहीतर एकेका घरात अधूनमधून नेट का जातं ते कळणार नाही. सीपीईच्या सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवली तरी तीन घरांना पुरते. गणपतीत चाकरमानी आले की प्रत्येक घराला स्पीडची मर्यादा घाला, वाईटपणा आला तरी.

आणि कनेक्शन तुमच्या नावावर आहे हे लक्षात घ्या. शेजाऱ्यांकडून पैसे घेऊन नेट देणं म्हणजे विक्री, त्याला परवाना लागतो. फुकट देणार असलात तरी कंपनीच्या अटी आधी वाचा. कित्येक प्लॅनमध्ये जोडणी घराबाहेर न्यायला मनाई असते.