शंखावरून कोन गोगलगाईची जात कशी ओळखायची?

तुम्ही विचारलंय की अंदमानात नील बेटावर ओहोटीला खडकांत हा साधारण 9 सेंटिमीटरचा शंख दिसला, गूगल लेन्स एका फोटोला टेक्स्टाइल कोन म्हणतं आणि दुसऱ्याला जिओग्राफी कोन, मग नक्की कोणता? आणि उचलून आणला असता तर चाललं असतं का?

हा टेक्स्टाइल आहे, कोनस टेक्स्टाइल. कोन ही विषारी समुद्री गोगलगाय आहे, उचलला नाहीत हे फार बरं केलंत. तिसऱ्या फोटोत अरुंद टोकातून नळी बाहेर आलेली दिसते, तिचं टोक लाल आणि त्यामागे काळा पट्टा आहे. म्हणजे आत प्राणी जिवंत होता. ही नळी टेक्स्टाइलची चांगली खूण आहे, पण ती कायम दिसेलच असं नाही, म्हणून फक्त शंखावरून कसं ओळखायचं ते सांगतो.

दोन्ही शंखांवर तपकिरी जाळी असते आणि लेन्सचा गोंधळ बहुधा तिथेच होतो. कोन शंख ओळखताना आधी घडण बघावी, नक्षी नंतर. कळस, म्हणजे रुंद टोकावरचे वेढे, वर ठेवून शंखाची फटीची बाजू समोर धरली की तोंड, म्हणजे उभी फट, उजव्या बाजूला येते. कळस संपून मोठा वेढा जिथे सुरू होतो ती कड म्हणजे खांदा. मी सगळ्यात आधी खांदा बघतो. जिओग्राफसच्या (लेन्स म्हणतं तो जिओग्राफी कोन) खांद्यावर बोथट गाठींची रांग असते आणि कळस बसका, जवळजवळ सपाट असतो. टेक्स्टाइलचा खांदा गुळगुळीत आणि कळस टोकदार. तुमचा दुसरा फोटो मोठा करून बघा, कडेला एकही गाठ नाही.

मग तोंड बघायचं. जिओग्राफसचं तोंड खालच्या बाजूला चांगलंच रुंद होत जातं आणि कवच आकाराच्या मानाने पातळ, हलकं असतं. तो मासे अख्खे गिळतो, त्याला एवढी जागा लागते. टेक्स्टाइल दुसऱ्या गोगलगाई खातो. त्याचं तोंड अरुंद आणि कवच जड. आपल्या फोटोतली फट वरपासून खालपर्यंत अरुंदच आहे.

आता नक्षी. टेक्स्टाइलवर पांढरे त्रिकोण असतात, एकावर एक रचलेल्या तंबूंसारखे, प्रत्येकाला बारीक तपकिरी किनार. मधूनमधून सोनेरी पिवळे पट्टे जातात आणि त्यांवर गडद, नागमोडी उभ्या रेघा असतात. त्रिकोण आणि रेघांचे पट्टे एकत्र दिसले की बहुतेक वेळा काम झालं. जिओग्राफसवर गुलाबीसर पांढऱ्या रंगावर बारीक जाळी आणि तपकिरी डागांचे विस्कटलेले पट्टे असतात. त्याचा जवळचा नातेवाईक ट्युलिपा लहान असतो आणि तोंडाच्या आत निळसर जांभळा रंग दिसतो.

तंबूची नक्षी मात्र एकट्या टेक्स्टाइलची नाही. कॅनोनिकस, ओमारिया, पेनाशियस या कोनच्या जातींवरही ती असते. कॅनोनिकसच्या तोंडात गुलाबी झाक असते, ओमारिया जास्त नळकांड्यासारखा दिसतो. एकेकाळी अतिशय दुर्मीळ समजला जाणारा ग्लोरियामारिस लांब, सडपातळ असतो आणि त्याचे तंबू फारच बारीक असतात.

किनाऱ्यावर पडून झिजलेले शंख खरे त्रास देतात. गाठी घासून सपाट होतात, रंग उडतो. असा शंख पाण्यात बुडवून ओला असतानाच फोटो काढावा, नक्षी पुष्कळ उठून दिसते. जिवंत शंखावर उलट अडचण असते. वर तपकिरी पापुद्रा असतो, त्याखाली नक्षी पार झाकून जाते. फोटो मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्याने काढू नका, काही फोनमध्ये चित्र उलटं होऊन तोंड डावीकडे जातं. रेम्ब्रांटने 1650 मध्ये कोनस मार्मोरियसचं कोरीव चित्र केलं, त्यातही नेमकं हेच झालंय: छापताना चित्र उलटलं आणि शंखाचा पीळ दुसऱ्या बाजूला गेला. तरी खांद्यावरच्या गाठी आणि काळ्यावरचे पांढरे त्रिकोण इतके नेमके आहेत की जात बघताक्षणी कळते. मला ते चित्र फार आवडतं.

शंखावरून सगळंच कळतं असंही नाही. कोनस एब्रेयस, पांढऱ्यावर काळे चौकोनी ठिपके असलेला, हिंद आणि पॅसिफिक महासागरात सर्रास सापडतो. अगदी तसाच दिसणारा जुडेयस वेगळी जात आहे, हे 2009 मध्ये डीएनए आणि दातांच्या रचनेवरून पक्कं झालं. तिथे नुसत्या फोटोवरून कोणी छातीठोक नाव सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

उचलण्याबद्दल: जिवंत कोन कुठलाही असो, हात लावायचा नाही. रुंद बाजूने धरलं तर डसत नाही असं ऐकाल, ते खोटं आहे. त्याची सोंड (फोटोतल्या नळीहून वेगळी) लवचीक असते, मागेपर्यंत पोचते आणि तिच्या टोकाशी विषाने भरलेला पोकळ, भाल्यासारखा दात असतो. जिओग्राफसच्या दंशाने माणसं दगावली आहेत. विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं आणि त्यावर उतारा औषध नाही. कुणाला डसलाच तर तो हात किंवा पाय अजिबात हलू द्यायचा नाही, बोटांपासून वर रुंद पट्टी घट्ट गुंडाळायची आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. दुखत नाही म्हणून थांबू नका, जिओग्राफसच्या दंशात सुरुवातीला वेदना कमीही असू शकतात.

रिकामा शंखसुद्धा सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून आणता येत नाही. शिवाय कोनस मिल्नेएडवर्डसी ही जात वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

तुमच्याकडे बाकीच्या शंखांचे फोटो असतील तर प्रत्येकाचे तीन टाका: कळसाकडून सरळ वरून, तोंडाच्या बाजूने आणि पाठीकडून. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवलेलं असेल तर उत्तम.