अमेरिकेत शाळांवरचे हल्ले कोलंबाइनपासून (कोलोरॅडोतल्या हायस्कूलमधला गोळीबार) सुरू झाले का? आणि असा हल्ला झाल्यावर ते गाव करतं काय? तुम्ही विचारलेले हे दोन प्रश्न.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. १९९९ चं कोलंबाइन टीव्हीवर लाइव्ह दिसलं म्हणून लोकांना तीच सुरुवात वाटते.

मी मिशिगनमधे लॅन्सिंगजवळ राहतो. इथून जवळच बाथ म्हणून एक छोटंसं गाव आहे आणि अमेरिकेतल्या शाळेवरचा आजपर्यंतचा सगळ्यात जीवघेणा हल्ला तिथे झालाय, १८ मे १९२७ ला, तोही बंदुकीने नाही, डायनामाइटने. इतकी वर्षं इथे राहून मला हे माहीतच नव्हतं. मुलीला सायकल शिकवायला मोकळी जागा शोधत तिथल्या एका बागेत गेलो तर गवतात नुसता एक घुमट ठेवलेला, म्हणजे इमारतीच्या छपरावर असतो ना तसा, पण खाली इमारतच नाही. मग नावांची पाटी वाचली. एकेका आडनावाची दोन-दोन, तीन-तीन मुलं. सायकल राहिली बाजूला.

३८ मुलं गेली. मोठी माणसं वेगळी. हे करणारा माणूस (नाव मुद्दाम लिहीत नाही, त्याला उगाच कशाला जिवंत ठेवायचं) बाहेरचा कोणी नव्हता, शाळेच्या बोर्डाचा खजिनदार होता! शाळेतली वायरिंगची, दुरुस्तीची कामं तोच करायचा त्यामुळे तळघरात कधीही गेला तरी कोणी विचारायचं नाही, आणि पहिल्या महायुद्धातून उरलेली पायरोटॉल नावाची सुरुंगाची दारू तेव्हा शेतकऱ्यांना झाडांचे बुंधे उडवायला स्वस्तात मिळायची, त्यामुळे ती विकत घेतली तरी कोणाला काही वाटायचं नाही. सकाळी पावणेनऊला शाळेची उत्तरेकडची बाजू कोसळली. दक्षिणेकडे पेरलेला साधारण २३० किलो माल उडालाच नाही, नाहीतर अख्खी शाळा गेली असती. नवीन शाळेसाठी कर वाढला म्हणून त्याने हे केलं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. मला ते काही पटत नाही, कर तर सगळ्या गावाचाच वाढला होता.

आयांनी, बापांनी हातांनी विटा उपसल्या, राज्याचा गव्हर्नरसुद्धा येऊन विटा उचलत होता. पण दोनच दिवसांनी वैमानिक लिंडबर्ग अटलांटिक पार करायला उडाला आणि पेपरांची पहिली पानं तिकडे वळली. बाथचं बाथलाच निस्तरावं लागलं. सप्टेंबरमधे वर्ग परत भरले, गावातल्या हॉलमधे आणि चक्क दुकानांमधे. कझन्स नावाच्या सिनेटरने खिशातून ७५,००० डॉलर दिले आणि १९२८ मधे शाळा परत उभी राहिली. मिशिगनभरच्या शाळकरी पोरांनी एकेक पेनी जमवून मांजर घेतलेल्या मुलीचा पुतळा करून दिला. ती इमारत १९७५ ला पाडली, तेव्हा हा घुमट तेवढा ठेवला.

तर तुमचा दुसरा प्रश्न, गाव काय करतं. मला दिसतं ते असं की वास्तूचं काय करायचं हे गाव बऱ्यापैकी लवकर ठरवतं. पेनसिल्वेनियात २००६ मधे आमिश लोकांच्या (जुन्या, साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) एका खोलीच्या शाळेत गोळीबारात पाच मुली गेल्या, तर त्यांनी दहा दिवसांत ती शाळा पाडून जागा सपाट केली, आणि त्याआधी, घटनेच्याच दिवशी, मारणाऱ्याच्या घरच्यांना भेटायला गेले. मला नसतं जमलं, खरं सांगतो. कोलंबाइनला शाळा ठेवली, लायब्ररी काढून टाकली. सँडी हुकला (कनेटिकटमधली प्राथमिक शाळा, २०१२ चा गोळीबार) पूर्ण पाडून नवीन बांधली.

गाडी अडते ती कायद्यापाशी. स्कॉटलंडच्या डनब्लेनमधे मार्च १९९६ ला १६ मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या, तर लोकांनी स्नोड्रॉप फुलाच्या नावाने अर्ज काढला (तेव्हा तेवढंच एक फूल फुललेलं होतं), सात लाखांच्या आसपास सह्या झाल्या आणि १९९७ संपेपर्यंत खाजगी हँडगन, म्हणजे पिस्तुलं, जवळपास बंद. अँडी मरे, टेनिसवाला, त्या दिवशी त्याच शाळेत होता. आणि इकडे सँडी हुकला २० लहान मुलं गेल्यावर बंदूक घेणाऱ्याची नुसती पार्श्वभूमी तपासायची कायद्यातली दुरुस्ती सिनेटमधे आली, बाजूने ५४ मतं पडली, लागत होती ६०. विषय संपला.

आमच्याकडे मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १३ फेब्रुवारी २०२३ ला तीन विद्यार्थी गेले. कॅम्पसवर एक मोठा दगड आहे, पोरं त्यावर काहीबाही रंगवत असतात, त्यावर कोणीतरी 'अजून किती' अशा अर्थाचं लिहिलं, मग दुसऱ्यांनी त्यावर रंग फासून आम्हालाच बंदुका बाळगू द्या असं लिहिलं, मग परत तिसऱ्यांनी तेही पुसलं. सगळी अमेरिका त्या एका दगडावर आली म्हणा ना. तरी बंदूक कुलपात ठेवायचा कायदा त्याच वर्षी झाला आणि बरोबर वर्षाने, १३ फेब्रुवारीलाच लागू झाला. मिशिगनमधल्याच ऑक्सफर्ड हायस्कूलच्या गोळीबाराच्या केसमधे तर २०२४ ला मारणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनाही शिक्षा झाली.

बाकी रोजच्या जगण्यात म्हणाल तर लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं त्याची तालीम. लाइट बंद, दार बंद, कोपऱ्यात गुपचूप बसायचं. आजीने पुण्याहून मुलीला चालताना चमकणारे बूट आणले होते, खूप आवडलेले, पण शाळेत घालायला तयार होईना. म्हटलं का गं? तर म्हणे बाबा, अंधारात आम्ही कुठे बसलोय ते दिसेल ना.