किनाऱ्यावरचे ते जुने हॉटेल

प्रश्न : लग्नानंतर आम्ही दोघे एका आडबाजूच्या किनाऱ्यावरील जुन्या हॉटेलात चार दिवस राहिलो होतो. खांद्याने ढकलल्याशिवाय न उघडणारे दार, खारा वास आणि रात्री उशाशी येणारी समुद्राची गाज आजही आठवते. दिवसा मात्र तोच समुद्र दूर भासे. हा निव्वळ मनाचा खेळ होता का?

उत्तर : मुळीच नाही. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली की वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि इतर गलबलाही थांबलेला असल्यामुळे गाज खरोखरच जवळ आल्यासारखी ऐकू येते. दाराचे कारण साधे आहे. दमट हवेतला ओलावा शोषून लाकूड फुगते. (नव्या हॉटेलांच्या गुळगुळीत दारांना ही आठवण ठेवता यायची नाही, असे आमचे प्रांजळ मत आहे.) समुद्राच्या वासात सूक्ष्म सागरी जीवांमुळे तयार होणाऱ्या डायमिथाइल सल्फाइड या वायूचा मोठा वाटा असतो, आणि गंधाची संवेदना मेंदूतील भावना व स्मृती यांच्या केंद्रांशी इतर संवेदनांपेक्षा अधिक थेट जोडलेली असल्याने, कोणत्याही किनाऱ्यावर त्या वासाची झुळूक आली, तरी तुमच्यापुढे तेच अडलेले दार उभे राहील.