दादा सीमेवर असताना तू जर्मनीला यावंस का?

तुझा निरोप सावकाश वाचला. ऑक्टोबरच्या सत्रासाठी इथे एमएसला प्रवेश मिळालाय, दादाचं पोस्टिंग जम्मूकडे आहे, आणि मे महिन्यापासून सामानाची यादी करतानाही तुला अपराधी वाटतंय. 'देशावर अशी वेळ असताना मी पळून तर जात नाहीये ना ताई?' असं तू विचारलंस.

माझं मत आधीच सांगते, ये. यायचं तू पहलगामच्या हल्ल्याच्या कितीतरी आधी ठरवलं होतंस. तू घरी थांबलीस म्हणून दादाची ड्यूटी हलकी होणार नाही. आपल्याकडे सक्तीची सैन्यभरती नाही, त्यामुळे कुणाची जागा रिकामी ठेवून तू निघालीयेस असंही नाही. गणवेश घालावा असं खरंच मनात असेल तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी सीडीएसची लेखी परीक्षा आणि एसएसबीची निवड-मुलाखत हा रस्ता आहे. तो विचार मग गंभीरपणे कर, नुसत्या अपराधीपणापोटी नको.

पण एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी. इथे आल्यावर हे वाटणं कमी होत नाही, उलट वाढतं. ऑपरेशन सिंदूरचं सरकारी निवेदन आलं तेव्हा भारतात ७ मेच्या रात्रीचे पावणेदोन झाले होते आणि इथे सव्वादहा. तुम्ही सगळे झोपेत होतात आणि मी टक्क जागी. २२ एप्रिलला पहलगाममध्ये गेलेल्या २६ जणांमध्ये सहा जण महाराष्ट्रातले होते, तो राग मनात होताच. त्यात आता पुढे काय होणार याची भीती. आईला उठवू की नको, याच विचारात दोन वाजले. मग तीच नेहमीसारखी पहाटे साडेपाचला उठली आणि 'अजून जागी कशी गं?' म्हणाली. तिच्यासमोर दिवसभराची कामं होती. माझ्यासमोर नुसता फोन होता. लांब राहणाऱ्याला हेच जास्त जाचतं.

त्या फोनला आवर घालायला आत्तापासून शीक. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं, आणि तसं काहीच झालेलं नव्हतं. मी शेवटी एवढंच ठरवलं की परराष्ट्र सचिव आणि लष्करी अधिकाऱ्यांची पत्रकार परिषद ऐकायची, बाकी बंद. १० मेला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली तोपर्यंत त्यामुळेच निभावलं.

दादाचा फोन लागला नाही की तुझा जीव वर-खाली होणार. निघण्याआधी घरात ठरवून टाका: त्याचा फोन आईला येईल आणि आई लगेच तुला दोन शब्दांचा मेसेज टाकेल. तो कुठे आहे, कुठे हलवलंय हे व्हॉट्सॲपवर विचारायचं नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही.

वसतिगृहात पाकिस्तानी मुली भेटतील, याची तयारी ठेव. आमच्या मजल्यावर लाहोरची एक होती. लाहोरवर ड्रोन आल्याच्या बातम्या सुरू होत्या त्या दिवशी ती स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी होती, गॅसवरचं दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही. मी गॅस बंद केला. तिने माझ्या घरच्यांची चौकशी केली, मी तिच्या. राजकारणावर आम्ही अवाक्षर काढलं नाही. पहलगामचा माझा राग त्याने तसूभरही कमी झाला नाही आणि तो कमी व्हायला हवा असंही मला वाटत नाही. पण तो तिच्यावर काढायचा नव्हता, एवढं मला तेव्हा स्पष्ट होतं.

पैशांचं थोडक्यात. ब्लॉक्ड अकाउंटमधल्या, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्यातल्या, ११,९०४ युरोंतून महिन्याला ९९२ युरोच हातात येतात, त्यात तातडीचं तिकीट बसत नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेव आणि त्यांना हात लावू नकोस. मे महिन्यात उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद होते, मुंबई-दिल्ली मात्र सुरू होती. म्हणजे गरज पडली तर घरी पोचता येतं. निवास परवाना नूतनीकरणाला दिलेला असेल तेव्हा मात्र परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारल्याशिवाय देशाबाहेर पडू नकोस.

आणि दादा सुट्टीवर येईल तेव्हा त्याच्याशी नीट बोल. मला जे लिहिलंस ते त्याला अजून सांगितलेलं नाहीस असं तुझ्या निरोपावरून वाटतं. तू जावंस की नाही, हे त्याच्या तोंडून ऐकलंस तर माझ्या या सगळ्या सांगण्यापेक्षा जास्त उपयोग होईल. व्हिसाच्या कागदांचं काही अडलं तर कळव.