घरच्या सर्व्हरवरची साइट बाहेरून अर्धवटच का उघडते?

कोथरूडच्या घरात वायफायवर साइट झटकन उघडते, पण हिंजवडीच्या ऑफिसातून मथळा दिसतो आणि फोटो नुसते गरगरत राहतात, असं तुम्ही म्हणताय. म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे, घोळ वाटेत आहे.

आधी पेजचा सोर्स (पेजमागचा कोड) उघडा. फोटोंचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होत असतील तर ते फक्त घरच्या नेटवर्कपुरते आहेत, घराबाहेर चालणारच नाहीत. वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) हे हमखास होतं. सेटिंग्जमध्ये साइटचा पत्ता बदला.

ते ठीक असेल तर माझा संशय एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या (डेटाच्या तुकड्याच्या) कमाल आकारावर. ब्रॉडबँड पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडायची पद्धत) असेल तर त्याची ८ बाइट वजा होऊन १५०० ऐवजी १४९२ च उरतात. मोठं पॅकेट राउटर अडवतो आणि सर्व्हरला 'लहान कर' असा आयसीएमपी निरोप (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा संदेश) पाठवतो. सर्व्हरच्या फायरवॉलने आयसीएमपी सरसकट बंद केलं असेल (सुरक्षेच्या नावाखाली बरेच जण करतात) तर निरोप पोचतच नाही. छोटी उत्तरं जातात, फोटो अडकतात. आयसीएमपी सुरू करा, किंवा राउटरमध्ये एमएसएस (पॅकेटमधल्या प्रत्यक्ष डेटाची मर्यादा) १४५२ ठेवा.

फोटो उशिरा का होईना, पूर्ण येत असतील तर मात्र अपलोड स्पीड कमी पडतोय. फोटो लहान करा. तपासणी मोबाइल डेटावरूनच करा, फोनचं वायफाय बंद ठेवून.