परतवारी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

स्पर्धा परीक्षेच्या निकालाची यादी मीही पाहिली. तुझं नाव त्यात नव्हतं. लगेच फोन केला नाही. त्या दिवशी कुणाचंच बोलणं कानात शिरत नाही. मुलाखतीपर्यंत जाऊन रिकाम्या हातानं परतणं मी दोनदा भोगलंय.

दुसऱ्यांदा हुकलं तेव्हा गावातले एक माळकरी आजोबा म्हणाले, "परतवारीला चल." आषाढी वारी सगळ्यांना ठाऊक. रांगोळ्या, पंगती, दिवे घाटातले कॅमेरे. पण पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपूरचा काला झाला की माउलींची पालखी आळंदीकडे पायीच निघते. बहुतेक वारकरी तोवर एसटीनं घरी पोचलेले असतात. शेतं वाट बघत असतात. मागे उरलेली थोडी माणसं तोच रस्ता दहा-अकरा दिवसांत तोडतात. टप्पे लांब, वर पाऊस, स्वागताच्या कमानी उतरवलेल्या. तरी पहाटे काकडा होतो, संध्याकाळी हरिपाठ होतो.

वाटेत मी आजोबांना विचारलं, दर्शन झालं का?

"कुठलं! रांग पार पत्राशेडपर्यंत. कळसाला हात जोडले."

"मग इतकं चाललात ते?"

पायाच्या फोडाला हळद लावत म्हणाले, "पुढच्या साली आहेच की."

आता तुला खरं सांगतो. विठोबा पोस्ट देईल असं मी म्हणणार नाही. मार्क देणं त्याचं काम नव्हे, आणि ज्यांची नावं लागली ते काही त्याचे जास्त लाडके नाहीत. मला त्या दहा दिवसांत मिळाला तो काकडा. मन लागो न लागो, चारला उठायचं. उठावं की नाही हा प्रश्न रोज नव्यानं सोडवायचा नाही. पुढचे कित्येक महिने मी त्यावरच तगलो.

अभ्यासिकेची जागा महिनाभर सोड. घरी जा, वडिलांसमोर बस आणि किती पैसे गेले, किती वर्षं उरली, ते मोकळेपणी बोल. (ते रागावतील हा तुझा अंदाज आहे, मला ते आधीच फोन करून तू जेवतोस का विचारत होते.) आणखी एक प्रयत्न करायचा तर हाताशी नोकरी धरून कर. नसेल करायचा, तर तेही देवाला सांगून मोकळा हो. तो रुसत नाही.

येत्या एकादशीला पहाटे मी आळंदीत इंद्रायणीच्या घाटावर असेन. ये. पुस्तकं आणू नकोस.

तुझा,
सर