नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरनंतर कॉम्रेड्स: जमेल, पण मुंबईत पीबी विसरा

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात लिहिते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय एकेचाळीस, राहायला पुण्यात, मॅरेथॉनचा पीबी, म्हणजे आजवरची सर्वोत्तम वेळ, ४ तास १२ मिनिटं. मे-जूनमध्ये मायलेज (आठवड्याला धावायचं अंतर) वाढवताना डावी नडगी दुखायला लागली, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर) निघालं, दहा आठवडे धावणं बंद. आता ऑगस्टअखेर डॉक्टरांनी हळूहळू सुरुवात करायला सांगितलंय. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावून पात्र व्हायचं आणि जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स, म्हणजे जवळपास नव्वद किलोमीटरची शर्यत. जमेल का, आणि गेलेला फिटनेस लवकर कसा भरून काढायचा?

जमेल. पण "लवकर" हा शब्द काढून टाका. तुमचा दम लवकर परत येईलच, त्यासाठी काही वेगळं करावं लागत नाही. हाडाला वेळ लागतो, आणि खरा धोका या दोघांमधल्या अंतरात आहे.

हाडावर ताण आला की शरीर आधी खराब झालेला भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पुणेकरांना हे समजावून सांगायला नको: रस्ता आधी खणतात, डांबर नंतर पडतं, आणि मधल्या काळात त्यावरून जड वाहन नेलं की खड्डा होतो. हे चक्र पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात, नवं हाड पक्कं व्हायला त्याहून जास्त. तुमचं हृदय आणि फुप्फुसं मात्र पाच-सहा आठवड्यांत "आता काय, झालं की" म्हणू लागतील. स्ट्रेस फ्रॅक्चर उलटल्याची प्रकरणं मी आमच्या ग्रुपमध्ये पाहिली आहेत, ती बहुतेक याच टप्प्यावरची. दुखत नसतं, पेस (धावण्याचा वेग) परत आलेला असतो, आणि कुणीतरी रविवारी "चल, आज पंचवीस" म्हणतं.

पुढचं वाचण्यापूर्वी एमआरआयचा रिपोर्ट काढा आणि फ्रॅक्चर नडगीच्या नेमक्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. आतल्या-मागच्या कडेला असेल, जसं धावणाऱ्यांमध्ये बहुतेकदा असतं, तर ते नीट भरतं आणि माझं हे सगळं उत्तर तुम्हाला लागू आहे. पुढच्या बाजूच्या कडेला, म्हणजे रिपोर्टमध्ये "अँटिरिअर कॉर्टेक्स" असेल, तर ते हट्टी असतं, कधीकधी शस्त्रक्रियेपर्यंत जातं. तसं असेल तर इथे थांबा आणि खेळाडूंवर उपचार करणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांशी कॉम्रेड्सचं नाव घेऊन स्पष्ट बोला.

दुसरं, हाड का मोडलं हे कळल्याशिवाय ते भरून उपयोग नाही. मायलेज वाढवलं हे खरं, पण तेवढंच वाढवून बाकीच्यांचं काही झालं नाही. तुम्ही लिहिलंय की त्याच काळात वजन कमी करायला सोळा तासांचा उपवास चालू होता आणि सकाळचं धावणं रिकाम्या पोटी. माझा सगळ्यात जास्त संशय तिथे आहे. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी हाडं आणि हार्मोन्स यांच्यात काटकसर करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला "रेड-एस", म्हणजे खेळाडूंमधली ऊर्जेची तूट, असं नाव दिलं. बायकांमध्ये याची सगळ्यात सोपी खूण म्हणजे पाळी लांबणं किंवा बंद होणं. एकेचाळिसाव्या वर्षी "वयामुळे असेल" म्हणून ती खूण सोडून दिली जाते. तीन महिने पाळी आली नसेल तर धावण्याच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. रक्तात ड जीवनसत्त्व, बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. पुण्यात ऊन चिक्कार, पण आपण धावतो पहाटे आणि दिवसभर बसतो ऑफिसात. ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं असणं आपल्याकडे अगदी सर्रास आढळतं. आणि पुढच्या जूनपर्यंत वजन कमी करायचं नाही. धावण्याआधी केळं, खजूर, एखादी पोळी-गूळ, काहीही चालेल, पण रिकाम्या पोटी नको. या बाबतीत मी हट्टी आहे.

आता सुरुवात. रोज पाऊण तास भरभर चालून नडगी आदल्या दिवशीसारखीच शांत राहते, हाडावर बोटाने दाबलं तरी दुखत नाही, आणि त्या एका पायावर दहा-बारा उड्या मारता येतात, इतकं झालं की धावा. एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं, असं अर्धा तास, एक दिवसाआड. मग हळूहळू प्रमाण उलटं करत जा. सप्टेंबर आणि बहुतेक ऑक्टोबर यातच जाईल. कंटाळवाणं आहे, इलाज नाही.

इथे एक गफलत खूप होते. कंडरेच्या दुखण्यात, म्हणजे टाचेचा अकिलीस किंवा गुडघ्याखालचा टेंडन, फिजिओ सांगतात की दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालू ठेवा. ते बरोबरच आहे, पण कंडरेसाठी. हाडाला हा नियम नाही. हाडावर एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखलं, की त्या दिवशीचं धावणं तिथेच संपलं. घरी चालत किंवा रिक्षाने या, दुखणं पूर्ण जाऊ द्या, आणि मागच्या पायरीवरून पुन्हा सुरू करा. पोटरी भरून येणं, मांडी आखडणं ही वेगळी दुखणी, त्यांना घाबरू नका.

मायलेज वाढवण्याबद्दल आपण सगळे "आठवड्याला दहा टक्के" हे वर्षानुवर्षं घोकतोय. २०२५ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या घड्याळातल्या नोंदींवरचा अभ्यास आला. त्यात आठवड्याची बेरीज वाढल्याचा दुखापतीशी तसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो एकेका धावण्याच्या लांबीशी: गेल्या तीस दिवसांतल्या तुमच्या सगळ्यात लांब रनपेक्षा आजचा रन दहा टक्क्यांहून जास्त लांबला, की धोका वाढतो. मला हे पटतं, कारण आमच्याकडे माणसं आठवडाभर शहाण्यासारखी धावतात आणि घात होतो तो रविवारी. तेव्हा तुमच्या वहीत एकच आकडा ठळक ठेवा: गेल्या तीस दिवसांतला सर्वांत लांब रन. आज तो अठरा किलोमीटर असेल तर पुढचा वीसच्या आत. ग्रुप किती करतोय याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आठवड्याचं अंतर वाढवायचं असेल तर दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी पाच किलोमीटर, संध्याकाळी चार. हाडातल्या पेशी धक्क्यांना सुरुवातीच्या थोड्याच आवर्तनांपर्यंत नीट प्रतिसाद देतात, मग त्या बधिर होतात, आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा जाग्या होतात. म्हणजे एका दमात नऊ धावण्यापेक्षा दोनदा धावून हाडाला जास्त मिळतं आणि त्रास कमी होतो. याच कारणासाठी नोव्हेंबरपासून दोरीवरच्या उड्या सुरू करा, तीस-चाळीस, आठवड्यातून तीनदा, बस्स. सायकल आणि पोहणं दम टिकवायला उत्तम, पण त्याने नडगी मजबूत होत नाही.

जिममध्ये जे कराल ते करा, फक्त बसून करायचं काफ रेझ (टाचा उचलण्याचा व्यायाम) चुकवू नका. गुडघा वाकलेला असताना पोटरीतला खोलवरचा सोलिअस स्नायू काम करतो, आणि धावताना तो शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पेलतो. तो थकला की तोच भार नडगीवर येतो. गुडघ्यावर डंबेल ठेवून घरीही जमतं. आठवड्यातून दोनदा, आणि वजन खरंच जड हवं. वीस-वीस हलके रेप्स करून काही होणार नाही. जोडीला पावलं थोडी आखूड आणि कॅडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) पाचेक टक्के जास्त ठेवा. शूजवर मी लिहीत नाही, पायाला सुखाचे वाटतात ते घाला. फक्त कार्बन प्लेटवाले, म्हणजे तळात कडक पट्टी असलेले शर्यतीचे शूज, या वर्षी बाजूला ठेवा.

मुंबईकडे येऊ. कॉम्रेड्सच्या पात्रतेला मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत लागते. तुमचा पीबी ४:१२. म्हणजे हातात अडतीस मिनिटं आहेत, ती वापरा. ४:४० ठरवा, पहिल्या किलोमीटरपासून दर दहा मिनिटांनी एक मिनिट चाला, पेडर रोडची चढण पूर्ण चाला. चांगल्या वेळेने पुढचा सुरुवातीचा गट मिळतो, हे कुणीतरी सांगेलच. मिळतो. मागच्या गटात सुरुवातीची रेषा गाठण्यातच काही मिनिटं जातात, हेही खरं. त्या काही मिनिटांसाठी जानेवारीत सहा महिन्यांच्या नव्या हाडावर शर्यत लावायची का, एवढाच प्रश्न आहे, आणि माझं उत्तर नाही असं आहे. डिसेंबरअखेर रन-वॉक (थोडं धावणं, थोडं चालणं) करत २८ किलोमीटरपर्यंत पोहोचला नसाल, तर मुंबईचा बिब (छातीवरचा धावपटू क्रमांक) तसाच सोडा आणि फेब्रुवारीतल्या नवी दिल्ली मॅरेथॉनचं बघा. पात्रतेची मुदत मुंबईनंतरही बरीच पुढे असते, त्या वर्षीची तारीख कॉम्रेड्सच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

आता स्वतः कॉम्रेड्स. डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग यांच्यामधला रस्ता, कधी डर्बनहून वर (अप रन), कधी डर्बनकडे खाली (डाऊन रन), अंतर साधारण ८६ ते ९० किलोमीटर, वेळ बारा तास. बारा तास झाले की अधिकारी अंतिम रेषेकडे पाठ करून बंदूक उडवतो, मग तुम्ही दोन पावलांवर असा नाहीतर दोनशे. ऐकून पोटात गोळा येतो, पण हिशेब करा. ८८ किलोमीटरला बारा तास म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटं ११ सेकंद. नऊ मिनिटं किलोमीटरला ७:१५ ने धावून एक मिनिट किलोमीटरला दहा मिनिटांच्या पेसने चाललात, तरी सरासरी साडेसातच्या आत राहते आणि अकरा तासांत काम होतं. मोठे चढ चालायचे, शेवटी पाय संपायचे, त्यासाठी अजून एक तास हाताशी उरतो. म्हणजे तुमच्यासारख्या धावपटूला तिथे वेगाची अडचण नाही.

म्हणून चालणं शिका. मी दोन्ही दिशांनी धावले आहे, आणि वर जाताना पॉली शॉर्ट्सच्या चढावर, ऐंशी किलोमीटरच्या आसपास, आजूबाजूला जवळपास सगळेच चालताना पाहिलेत. फरक एवढाच की काही जण ठरवून, हात हलवत, दहाच्या पेसने चालतात, आणि काही जण पाय ओढत. हे तुम्हाला सिंहगडच्या घाटरस्त्यावर शिकता येईल. पायथ्यापासून वरपर्यंत रन-वॉक करत जा, आणि वरून जीपने खाली या. लोक हसतील. चढणीवर हृदयाला आणि पोटऱ्यांना पूर्ण काम मिळतं आणि धक्के कमी बसतात. उतारावर पावलाचा पहिला दणका सपाटीपेक्षा बराच मोठा असतो. मुंबईपर्यंत उतार धावूच नका.

पण डाऊन रनचं वर्ष असेल तर उतार कायमचा टाळता येणार नाही. क्लूफकडून पाइनटाउनला उतरणारी फील्ड्स हिल ही तीनेक किलोमीटरची घसरण मांड्यांचं पीठ करते, आणि तोवर साठ किलोमीटरच्या वर झालेले असतात. मार्चपासून बोपदेव घाटात चारशे-पाचशे मीटरचे सौम्य उतार, आठवड्यातून एकदा, मोजून. स्नायू उताराला लवकर सरावतात, थोडकं केलं तरी पुढच्या वेळी दुखणं कमी असतं. डाऊन म्हणजे सोपं, हा गैरसमज घेऊन जाऊ नका. त्यातही हजार मीटरहून जास्त चढ आहे.

एप्रिलमध्ये पुण्या-मुंबईचे ग्रुप ५६-६० किलोमीटरचा मोठा रन करतात. तुम्ही करू नका. शनिवारी २८, रविवारी २०, आणि एकट्या रनची कमाल ४२-४५. साठचा रन बहुतेकांना मनाच्या समाधानासाठी लागतो. तुमच्या नडगीला त्यातून मिळण्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात पहाटे चारला निघा. जूनमध्ये तिकडे हिवाळा असतो, पीटरमॅरित्झबर्गची पहाट चांगलीच गार, त्यामुळे इथल्या मे महिन्यातल्या पेसवरून तिथला अंदाज बांधू नका.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलंय. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे लाँग रनच्या आधी किंवा शर्यतीत अजिबात नको. दहा-अकरा तासांत शरीर कोरडं पडलेलं असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात, भरपूर पाणी पिणाऱ्यांत रक्तातलं सोडियम खाली जाण्याचा धोका वाढवतात, आणि तुमच्या बाबतीत तर हाड देत असलेली एकमेव सूचना बंद करतात. पाणी तहानेप्रमाणे प्या. कोर्सवर मीठ लावलेले उकडलेले बटाटे मिळतात, जेल नकोसं झालं की ते सोन्यासारखे लागतात.

थांबायचं कधी, हेही आत्ताच ठरवून लिहून ठेवा, कारण मे महिन्यात ठरवता येत नाही. हाडावर बोटाने दाखवता येईल असं दुखणं दोनदा आलं, तर नवा एमआरआय होईपर्यंत धावणं बंद. मार्चअखेर रन-वॉक करत ३५ किलोमीटर आरामात होत नसतील, तर या वर्षी नाही. विमानाचं तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळतील असंच काढा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. हॉटेलसाठीही तेच. व्हिसाची कागदपत्रं मात्र एप्रिल उजाडताच लावा, तिथे उशीर होऊ शकतो.